मुक्या प्राण्याचा कौल

पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट या देशाच्या मध्यभागी बाउले लोकांची वस्ती आहे. सोन्याच्या व्यवहारात हा समाज पूर्वापार मुरलेला. सोन्याची पूड तोलण्यासाठी ओतीव पितळेची सुबक वजने येथील कारागीर घडवीत. परंतु संसारातील सारे प्रश्न काट्यावर तोलता येत नाहीत. आजार का हटत नाही, मूल का होत नाही, प्रवासास निघावे की थांबावे, असा पेच पडला की बाउले मनुष्य कौल घेण्यास जातो.

कौल घेण्याचे एक साधन म्हणजे ‘ग्बेक्रे-से’, अर्थात उंदराचे पात्र. लाकडाच्या या पात्रात वर व खाली असे दोन कप्पे असून मधल्या फळीला भोक असते. खालच्या कप्प्यात उंदीर असतो. वरच्या कप्प्यात बारीक काड्या ओळीने मांडून त्यांवर धान्य भुरभुरतात आणि झाकण लावतात. उंदीर वर येतो, दाणे खातो, काड्या विस्कटतात. झाकण उघडल्यावर त्या कशा पडल्या, यावरून जाणकार उत्तर वाचतो. उंदीर भूमीच्या पोटात राहतो, म्हणून भूमीचे व पूर्वजांचे गुज त्याला कळते, अशी श्रद्धा आहे.

दुसरा मार्ग ‘कोमियें’चा. अरण्यातील भूतात्म्यांनी झपाटलेल्या व्यक्तीला, ती स्त्री असो वा पुरुष, जाणत्या गुरूपाशी दीर्घकाळ शिकावे लागते. मुखावर पांढरी माती, हातात कोरीव दांड्याचा टोला. लोखंडी घंटेवर तो एकसारखा पडत राहिला की अंगात संचार होतो. शेजारी काष्ठमूर्ती असते. अरण्यातील आत्मे कुरूप व रानटी मानले जातात, तरीही त्यांच्या मूर्ती मात्र सुघड, विंचरलेल्या केसांच्या. सौंदर्याने त्यांना वश करून गावाच्या मर्यादेत आणावे, हा त्यामागील हेतू. या उपासनेत बळीही दिला जातो आणि त्याची पुटे मूर्तीवर चढतात.

कधी कौल असा येतो, की परलोकातील जोडीदार रुसला आहे. प्रत्येकाला तिकडे एक पती वा पत्नी असते, ही बाउलेंची धारणा. मग त्या जोडीदाराची मूर्ती घडवून शयनगृहात ठेवतात, तिला नैवेद्य दाखवितात आणि आठवड्यातील एक रात्र तिच्यासाठी राखतात. हातांच्या स्पर्शाने ती मूर्ती गुळगुळीत होते.

अशा अनेक वस्तू आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत. सुझन व्होगेल या अभ्यासिकेने 1997 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की गावात यांतील पुष्कळ वस्तू झाकून, अंधाऱ्या खोलीत जपल्या जातात. उजेडात मांडून न्याहाळणे ही पाश्चात्त्यांची रीत. काचेआडचे पात्र सुंदर दिसते, पण त्यात उंदीर नाही आणि समोर चिंताक्रांत माणूसही नाही.

काड्यांनी भविष्य खरोखर कळते का, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बाउले कौल नुसते ‘होईल’ वा ‘न होईल’ सांगून थांबत नाही. तो मनुष्याला काही आचरण नेमून देतो. चिंता एकट्याने उराशी धरून बसण्यापेक्षा ती कोणा जाणत्यापुढे मांडावी आणि परतताना एखादे कर्तव्य घेऊन यावे, हेच त्या विस्कटलेल्या काड्यांचे खरे मोल.