दोन स्क्रीनचा फोन : घ्यावा की नको?



सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या मोबाईल दुकानांवर सवलतीच्या पाट्या झळकल्या की कॉलेजात जाणारी मुले घरी हट्ट धरतात. पाठीवरही छोटी स्क्रीन असलेला फोन पाहिला की तोच हवासा वाटतो. तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा. फोनही तसाच पारखावा.

लावा या भारतीय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'अग्नी ३' आणला. पुढची स्क्रीन ६.७८ इंच, मागची १.७४ इंच. तेव्हा किंमत २०,९९९ रुपयांपासून, तीही चार्जरशिवाय, चार्जरसह २२,९९९. डिसेंबर २०२४ मध्ये १६,९९९ रुपयांपासून 'ब्लेझ ड्युओ' आला. त्याची मागची स्क्रीन १.५८ इंच.

ती करते काय? फोन पालथा असला तरी कोणाचा कॉल आहे ते दिसते, गाणे बदलता येते, मागच्या चांगल्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढताना चेहरा दिसतो. सोय आहेच. पण महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरणे, पुस्तक वाचणे, तासाचा व्हिडिओ पाहणे ही कामे मनगटी घड्याळाएवढ्या स्क्रीनवर होत नाहीत. ती पुढच्याच स्क्रीनवर होतात आणि तशी स्क्रीन दहा-बारा हजारांच्या फोनलाही असते.

शिवाय काच दोन्ही बाजूंना, म्हणजे फुटण्याची भीतीही दोन्हीकडे. एलजीचा फिरत्या स्क्रीनचा 'विंग' २०२० मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला आणि एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने मोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. वेगळ्या घडणीच्या फोनचा सुटा भाग आपल्या तालुक्यात मिळेल का, हे म्हणून आधी विचारावे.

आमचे मत असे : गायन पार्टीतला कलावंत एकट्यानेच स्वतःचे व्हिडिओ काढत असेल, तर मागची स्क्रीन त्याच्या कामाची, त्याला 'ब्लेझ ड्युओ'सारखा स्वस्त फोन पुरे. रोजंदारीवरच्या घरात शिकणाऱ्या मुलासाठी मात्र एकच स्क्रीन बरी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. वाचलेल्या पाच हजारांत मुलाची पुस्तके आणि अभ्यासिकेची फी भागेल. हप्त्याने घेणार असाल तर एकूण किती भरावे लागेल ते कागदावर लिहून घ्या, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.