पॅनेल स्वस्त झालं, पण छप्पर कुणाचं?

परवा सकाळी गच्चीवर पॅनेल धुवायला चढलो होतो. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे, पंधरा दिवसांत काचेचा रंग बदलतो. शेजारच्या चाळीतल्या वहिनी कपडे वाळत घालत होत्या. वर बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, आता बिल किती येतं हो तुम्हाला?"

मी जरा फुशारकीनेच सांगितलं, "दीड-दोनशे. स्थिर आकार तेवढा."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग आमच्या पत्र्यावर नाही बसत का हे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. "सांगतो नंतर" म्हणालो आणि बादली घेऊन खाली आलो. ही पोस्ट म्हणजे तेच राहिलेलं उत्तर.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तेव्हा मी जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवायचो. मोटारसायकलवर जाऊन तो बघून आलो होतो. डोंगराच्या पायथ्याला नजर जाईल तिथपर्यंत काचा. तेव्हा सगळे म्हणायचे की हे सरकारलाच परवडणार, घरावर बसवायची आपली ऐपत नाही. आणि ते खोटं नव्हतं. २०१० च्या सुमारास देशात सौर विजेचे पहिले मोठे लिलाव झाले, तेव्हा दर युनिटला १२ रुपयांच्या आसपास होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२० च्या शेवटी गुजरातच्या लिलावात चक्क १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत असा खाली आलेला दुसरा कुठला भाव आठवतो का? आपल्याकडे कांदा सोडला तर असं कशाचंच होत नाही. फरक एवढाच की कांदा परत चढतो.

हे आपोआप झालेलं नाही. आधी जर्मनीसारख्या देशांनी महागात वीज घेऊन मागणी उभी केली, मग चीनने प्रचंड कारखाने टाकून भाव पाडला. आपल्या देशाची सौर क्षमता २०१४ साली तीन हजार मेगावॉटच्याही आत होती. जानेवारी २०२५ मध्ये ती एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

घरगुती ग्राहकासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. मी तीन किलोवॉट बसवलं. सगळा खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास, त्यातले ७८,००० खात्यात परत आले. महिन्याला तीनशेच्या वर युनिट तयार होतात. चार-पाच वर्षांत पैसे वसूल आणि पॅनेल चालतं वीस-पंचवीस वर्षं. ज्याला जमतं त्याने जरूर बसवावं, यात माझ्या मनात काही किंतु नाही.

पण योजनेची बातमी लिहिताना मी मथळा दिला होता, "आता वीज मोफत!" तो मथळा आज मला खटकतो. कारण तो माझ्यासारख्यांसाठी खरा होता. वहिनींसाठी नव्हता.

वहिनींचा हिशेब बघा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. नवरा हमालीला जातो, त्या ब्लाऊज शिवतात. मशीनला मोटर, एक पंखा, टीव्ही आणि एप्रिल-मेमध्ये कूलर, कारण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. अख्ख्या चाळीला घरमालकाच्या नावावर एकच मीटर. भाडेकरूंना सबमीटर. मालक सरसकट दहा रुपये युनिट लावतो.

आता महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटना कमी दर असतो, त्यापुढे दर जवळपास दुप्पट होतो. पहिला टप्पा स्वस्त ठेवलाय तो गरिबांसाठी. पण चाळीतल्या आठ खोल्यांचे युनिट एकाच मीटरवर जमा होतात आणि थेट वरच्या टप्प्यात जातात. म्हणजे वहिनी ऐंशी युनिट वापरोत की साठ, त्यांना तो स्वस्त टप्पा कधी मिळतच नाही. ग्राहक क्रमांक नाही, म्हणून अनुदान नाही. छप्पर स्वतःचं नाही, म्हणून पॅनेल नाही. शंभर युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने जादा अनुदान जाहीर केलंय, ते चांगलंच आहे. पण तिथेही पहिला प्रश्न तोच, वीज जोडणी कुणाच्या नावावर? घरमालकाला मी विचारलं, तुम्हीच का नाही बसवत? तो म्हणाला, "बिल ते भरतात, मी कशाला लाख रुपये घालू?" त्याच्या बाजूने तेही बरोबरच.

अजून एक गोष्ट, जी माझ्यासारख्या गच्चीवाल्यांना ऐकायला आवडत नाही. माझं घर रात्री काही सूर्यावर चालत नाही. दिवसा मी वीज महावितरणकडे जमा करतो आणि संध्याकाळी उचलतो. म्हणजे ती माझी बँकच झाली. तिचे खांब, तारा, डीपी, रात्री पावसात फ्यूज टाकायला येणारा वायरमन, हे सगळं मी वापरतो आणि देतो फक्त स्थिर आकार. पूर्वी वरच्या टप्प्यातले आम्ही लोक जादा दर भरायचो, त्यातून खालच्या टप्प्याचा दर कमी ठेवता यायचा. आता आम्हीच एकेक करून बाहेर पडतोय. मग तारांचा खर्च उरलेल्यांवर येणार. उरलेले म्हणजे कोण? ज्यांना छप्पर नाही ते.

यावर लगेच कुणी म्हणेल, मग सोलर बंद करायचं का? मुळीच नाही. दुपारी माझी जादा वीज गल्लीतच वापरली जाते, लांबून वीज आणताना होणारी गळती तेवढी वाचते, हा सगळ्यांचाच फायदा आहे. माझं म्हणणं एवढंच की भाव पडल्याचा लाभ ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याच्यापाशी थांबू नये.

आणि तो पुढे नेता येतो, हे आपल्याच राज्याने दाखवलंय. शेतीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे शेतकऱ्याला पाळीने रात्रीची वीज. थंडीत दोन वाजता मोटर चालू करायला जायचं, बांधावर साप, विंचू, आता बिबट्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. त्यात शेतकऱ्याने स्वतः पॅनेल घ्यायचं नाही. उपकेंद्राजवळ जमीन भाड्याने घेऊन, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं देऊन, प्रकल्प उभा करायचा आणि अख्ख्या फीडरला दिवसा वीज द्यायची. ज्याची दोन एकर कोरडवाहू त्यालाही तीच, ज्याचा ऊस त्यालाही तीच. प्रकल्प रखडतात, जमिनीचे वाद होतात, ते मीच वेळोवेळी लिहिलंय. पण कल्पना सरळ आहे. पॅनेल एकीकडे, लाभ अनेकांना.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. सगळं गाव एकत्र बसलं म्हणून ते झालं.

मग हेच आपल्या चाळीला का नको? दिल्लीत २०१९ पासून असा नियम आहे की एका छपरावर पॅनेल बसवायचं आणि त्यातले युनिट वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलात वाटून वळते करायचे. आपल्या गावात अशी एकही जोडणी मी अजून पाहिलेली नाही. जागा मात्र भरपूर आहे. नगरपरिषदेच्या शाळा, भाजी मंडईची शेड, पाणीपुरवठ्याचं आवार, सभागृह. या छपरांवर आज काय आहे? कबुतरं आणि तुटलेली बाकं.

म्हणून तीन मागण्या, आपल्या नगरसेवकांपुढे आणि वीज खात्यापुढे.

एक, नगरपरिषदेच्या इमारतींवर सौर प्रकल्प करा. आधी पाणीपुरवठ्याचं आणि पथदिव्यांचं बिल कमी करा. वाचलेले पैसे कुठे गेले ते दरवर्षी जाहीर करा.

दोन, त्यातला ठरावीक हिस्सा भाडेकरू आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांच्या बिलात वळता करण्यासाठी प्रस्ताव करा आणि नियामक आयोगाकडे पाठपुरावा करा.

तीन, आणि हे उद्यापासून होऊ शकतं. भाडेकरूंना स्वतंत्र मीटर द्या. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये जोडणी मागणारा मालक किंवा भोगवटादार असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. कागदपत्रांवरून अडवलं जातं, लोकांना कायदा माहीत नसतो, म्हणून विषय तिथेच संपतो.

काल वहिनींना हे तिसरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अर्ज केला आणि मालकाने खोली खाली करायला लावली तर?" यावरही माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की एकट्याने नको, आठही खोल्यांचा एकत्र अर्ज करू, आधी मालकाशी मी बोलतो. रविवारी बोलायला जाणार आहे. काय होतं ते इथेच लिहीन, फसलं तरी लिहीन.

तुमच्या गल्लीत किती घरांवर पॅनेल आहे आणि किती खोल्या सबमीटरवर आहेत, कमेंटमध्ये सांगा. सबमीटरचा दर पण लिहा. आकडे जमले तर घेऊन नगरपरिषदेत जाऊ.