माळ पडीक नाही, तिथं गिरीपुष्प लावू नका



काल संध्याकाळी गावच्या गायरानात चक्कर मारली. पुन्हा खड्डे. ओळीनं, दोन-दोन मीटरवर. कडेला पिशव्यांतली रोपं मांडलेली, बहुतेक गिरीपुष्प, थोडी सुबाभूळ. पाऊस झाला की लागवड. मेंढरं घेऊन आलेले मामा काठीवर हनुवटी टेकून बघत उभे होते. म्हणाले, "आता हितंबी? मग मेंढरं काय डांबरावर चारू?"

मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

कागदावर माळाला पडीक म्हणतात. बघा, वीतभर माती, खाली मुरूम, वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीचं पीक म्हणजे गवत. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी. मधेमधे तरवड, हेकळ, बोरीची झुडपं, ओढ्याला हिवर नि बाभूळ. इथं झाड विरळच असायचं. झाड नाही म्हणजे जागा रिकामी, हा हिशोब सह्याद्रीत चालेल, सोलापुरात नाही.

गिरीपुष्प मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. पाणी कमी लागतं, ओला पाला वासामुळं जनावर सहसा खात नाही, त्यामुळं जगलेल्या रोपांची टक्केवारी झकास दिसते. राज्यानं २०१६ ला २ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं, २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटी. एवढे आकडे गाठायचे तर हमखास जगणारंच झाड लावणार ना! गवताचे ठोंब मोजायला कोण येतंय? पाच-सहा वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात. पवन्या, मारवेल ही उन्हाची गवतं, सावलीत विरळ होत जातात. आमच्या शेजारच्या जुन्या लागवडीत जाऊन बघा, खाली पाचोळा आणि जनावर तोंड लावत नाही असलं तण. मेंढरू तिथनं न थांबता पुढं जातं.

नान्नज तर आपल्या उंबऱ्यावर. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, आणि तिथल्या माळावरही गिरीपुष्प लावलं गेलं. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. चारी बाजूंनी लांबवर दिसल्याशिवाय तो थांबत नाही. काळविटाचंही तेच, नजर आणि पळ हेच त्याचं हत्यार. माळढोक फक्त झाडांमुळं गेला असं मी म्हणणार नाही. शिकार झाली, विजेच्या तारा आल्या, आणि उजनीचं पाणी आल्यावर आपण माळ फोडून ऊस लावला, त्यात आपलाही हात आहे. पण ज्या पक्ष्यासाठी जमीन राखली तिथंच झाडं उभी करायची, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

लावलेलं गिरीपुष्प निदान बरंचसं ओळीत राहतं. वेडी बाभूळ तेवढंही ऐकत नाही. शेळ्या शेंगा खातात, बी न पचता लेंडीतून पुढच्या रानात. कच्छच्या बन्नी गवताळ पट्ट्यात १९६० च्या दशकात ती मुद्दाम लावली, खारटपणा रोखायला म्हणून. आज तिथले मालधारी तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडीच! वरून तोडली तर दहा फुटवे. बुंध्याखाली वीत-दीड वीत खणून गड्डाच काढावा लागतो, आणि पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटावी लागतात. तिच्या सरपणावर गरिबाची चूल चालते हेही खरं, त्यामुळं काढायची ती टप्प्याटप्प्यानं.

आता कृषीवाले मित्र म्हणतील, गिरीपुष्पाचा पाला जमिनीत गाडा असं तुम्हीच सांगत फिरता. सांगतोच! माझ्या ज्वारीच्या बांधावर ते आहे. वर्षातून दोनदा, फुलायच्या आत छाटतो, पाल्यात नत्र चांगलं असतं. पण बांधाला मालक आहे, विळा आहे. गायरानात छाटणार कोण?

येत्या ग्रामसभेत मी खड्डे बुजवायची मागणी करणार आहे. त्या पैशात पवन्या-मारवेलचं बी टाका, आणि झाडं लावायचीच असतील तर हिवर, बोर, देशी बाभूळ, तीही ओढ्याच्या कडेनं. गवताचं बी पडेपर्यंत निम्मं गायरान चराईला बंद ठेवावं लागेल. मामांना भीतभीतच विचारलं. म्हणाले, "निम्मं राखतो की. पर उरलेल्या निम्म्यात तरी झाडं लावू नका म्हणावं."

तुमच्या गायरानात पवन्या उरलाय का? फोटो टाका, गाव-तालुका लिहा. दिवाळीच्या आसपास बी गोळा करायला मी येतो, पिशवी माझी.