समाधानी कोण? आशाताई की अहवाल?

ऑनलाईन प्रशिक्षण संपले की मोबाईलवर बहुतेक वेळा एक प्रश्न येतो : आपण या प्रशिक्षणाबाबत समाधानी आहात का? आशाताई ‘हो’ दाबते आणि मोकळी होते. या ‘हो’ची बेरीज अहवालात जाते आणि आरोग्य कर्मचारी समाधानी ठरतात. आमची शंका या ‘हो’वरच आहे.

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने कोरोनासाठी ‘दीक्षा’ मंचावर ‘आयगॉट’ हे ऑनलाईन प्रशिक्षण सुरू केले. डॉक्टर, नर्स, एएनएम, तंत्रज्ञ आणि स्वच्छता कर्मचारीही त्यात धरले होते. टाळेबंदीत दुसरा मार्ग नव्हता. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्यातील पाड्यांवरून जिल्ह्याच्या गावी जाण्यात दिवस मोडतो, तो वाचतो, हेही खरे. ऑनलाईनला आमचा विरोध नाही.

पण फोन कोणाचा? रिचार्ज कोणाचा? वेळ कोणाची? आशाताई सरकारच्या लेखी आजही ‘स्वयंसेविका’ आहे. योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, ही २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेची शिफारस धूळ खात पडली आहे. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये मांडले. आशाताईच्या कामाला मात्र तासच ठरलेले नाहीत. मग ती शिकते रात्री, भाकरी थापून झाल्यावर, मुलाच्या मोबाईलवर. आणि पावरी बोलणाऱ्या गरोदर बाईला हे सगळे कसे समजावायचे, ते व्हिडिओत नसते.

प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये मांडल्या : प्रतिक्रिया, शिकणे, कामातला बदल आणि परिणाम. समाधान ही त्यातली पहिलीच पायरी. आपली व्यवस्था पहिल्या पायरीवर बसून चौथीचे ढोल वाजवते.

आता दवाखान्यातल्या सफाई कामगाराकडे पाहा. वापरलेली सुई आणि रक्ताळलेला कापूस तोच उचलतो. तो बहुतेक कोणत्या समाजातून येतो, हे तुम्हाला सांगायला नको. जैव-वैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणेही बंधनकारक आहे. व्हिडिओ पाहून पिवळी पिशवी, लाल पिशवी पाठ होईल. हातमोजे कोण देणार? नुसत्या पाठांतराने सुई टोचायची थांबत नाही.

खरा अभिप्राय कसा असतो, ते २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी दाखवले. निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतले पोषण ट्रॅकर अॅप यांना कंटाळून त्यांनी सरकारी मोबाईलच परत केले. त्या संघटित होत्या, म्हणून ‘नाही’ म्हणू शकल्या. एकट्या बाईला साहेबाच्या नजरेखाली ‘नाही’ दाबता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : प्रशिक्षण कामाच्या वेळेत, मोबदल्यासह, डेटाचा खर्च सरकारचा, प्रत्यक्ष सराव प्राथमिक आरोग्य केंद्रात, अभिप्राय निनावी. तरुणांनो, जळगाव-धुळ्यातील आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सफाई कामगारांच्या प्रशिक्षणाची आणि लसीकरणाची नोंदवही मागा. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायला आपण जमतोच. येताना ती उत्तरे घेऊन या, पुढचे तिथे ठरवू.

जय भीम!