भाषांची शिदोरी

कळंब्यातील उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला घरी उर्दू, बाजारात मराठी आणि शाळेत हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा भेटतात. "इतक्या भाषांचे ओझे कशाला?" असे काही पालक विचारतात. माझ्या मते हे ओझे नाही, ही शिदोरी आहे. एका वेगळ्या व्यवसायाचे उदाहरण घेऊन हे पाहू.

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल जाण्याला 'स्कूबा डायव्हिंग' म्हणतात. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी त्यासाठी सोयीचे उपकरण तयार केले. आज मालदीव, थायलंड, इंडोनेशिया येथील बेटांवर देशोदेशींचे प्रवासी ही विद्या शिकायला येतात. त्यांना शिकवणाऱ्याला पाणी जितके कळावे लागते, तितकीच माणसांची भाषाही कळावी लागते.

कोणी म्हणेल, "पाण्याखाली बोलताच येत नाही, मग भाषा कशाला?" खरे आहे. तेथे हातांच्या खुणा चालतात. पण त्या खुणांचा अर्थ आधी पाण्याबाहेर समजावून द्यावा लागतो. जमिनीवर अंगठा वर केला, की 'छान' असा अर्थ होतो. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ 'वर चला' असा आहे. समुद्रात दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून श्वास रोखून वर येणाऱ्याच्या छातीतील हवा फुगते आणि फुप्फुसे फाटू शकतात. "श्वास रोखू नका" हे एक वाक्य समजले नाही, तर जिवावर बेतते.

म्हणून मोडकीतोडकी भाषा पुरत नाही. 'दर्या' हा शब्दच पाहा. उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र! शब्द ओळखीचा असला तरी अर्थ नीट पाहावा, ही सवय दोन भाषा शिकताना लागते. मालदीवची धिवेही भाषा उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्या लिपीतील पहिली नऊ अक्षरे तर अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. उर्दू लिहिणाऱ्याला ती फारशी परकी वाटणार नाही.

अर्थात, केवळ भाषेवर पोट भरत नाही. या कामात कष्ट आहेत, धोका आहे, आणि हंगाम संपला की काम कमी होते. 'पाडी' या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि पाण्याखाली किमान १०० वेळा गेल्याची नोंद लागते. सुरुवात मात्र जवळच करता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची हे शिक्षण देणारी संस्था आहे. त्याआधी जाणत्या शिक्षकाकडून पोहणे शिकावे. तलावात एकट्याने उतरू नये.

सर्वांनीच हा व्यवसाय करावा, असे मी म्हणत नाही. पण परिचारिका, वाहनचालक, स्वयंपाकी, कोणीही व्हा; समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावता आले, तर त्याचा विश्वास मिळतो. मराठीचा तास केवळ गुणांसाठी नाही. एक परकी भाषा आपलीशी कशी करावी, हे तेथे शिकता येते. ज्याला हे जमले, त्याला पुढची भाषा अवघड वाटत नाही.