ग्लेशियर नेमणूकपत्र बघत नाही

दर नोव्हेंबरला मी हयातीचा दाखला देतो आणि त्यावर पुढचं वर्षभर पेन्शन चालते. उद्या मी गेलो तर ती बायकोला लागेल. मी काही लढाईत गाजलेला माणूस नाही. हवालदार म्हणून घरी आलो, चिखली तालुक्यात सोयाबीन पेरतो. पण ग्लेशियरवर ड्युटी केलेली आहे, म्हणून पिंपळगाव सराईच्या अक्षय गवतेबद्दल बोलायचा हक्क मला वाटतो.

अक्षय लक्ष्मण गवते, ऑपरेटर, अग्निवीर. ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या तोंडावर, सियाचिनवर कर्तव्य बजावताना गेला. त्या वेळी आमच्या पारावर एकानं विचारलं, "पण तिथं लढाई कुठं चालू होती?" बावा, १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालेलं ऑपरेशन मेघदूत अजून संपलेलं नाही. २००३ च्या नोव्हेंबरपासून तोफा तेवढ्या गप्प आहेत. बाकी सगळं तसंच. बर्फातल्या भेगा वरून दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांनी एका दोराला बांधून घेऊन चालायचं. निवाऱ्यात घासलेटचा स्टोव्ह जळत असतो, त्यामुळे सकाळी थुंकलं की काळं पडतं. संत्रं दगड होतं. भूक मरते, झोप लागत नाही, साधी डोकेदुखी कधी जिवावर बेतेल सांगता येत नाही. रात्री शेजारच्याला हाक मारायची. त्यानं ओ दिली की मग आपण पाठ टेकायची. शेजारचा कायम नोकरीतला आहे की चार वर्षांचा, हे तिथं कोण विचारतो?

सरकारनं मात्र विचारलं. अग्निवीर गेला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, चार वर्षांतला उरलेला पगार, सेवानिधीची रक्कम, असे पैसे घरच्यांना मिळतात. आकडा मोठा आहे, नाही कशाला म्हणू? नाही ती फक्त पेन्शन. त्याच चौकीवर, त्याच रात्री नेहमीच्या भरतीतला जवान गेला तर त्याच्या घरच्यांना ती मिळते.

"कोटभर मिळाले, आता काय पाहिजे?" असं म्हणणाऱ्यांनी खेड्यात एकरकमी पैशाचं काय होतं ते पाहिलेलं नसावं. आधी स्लॅब पडतो. मग भावकीतला कोणी उसने मागतो, आणि पोरगा गमावलेल्या बापाला नाही म्हणवत नाही. एखाद्या वर्षी सोयाबीन सुडीतच भिजतं. पेन्शन अशी कोणाला उसनी देता येत नाही, म्हणून तर ती म्हातारपणी पुरते.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं डिसेंबर २०२४ मध्ये नेमकी हीच शिफारस केली, की शहीद अग्निवीराच्या कुटुंबाला नेहमीच्या जवानाइतकेच लाभ द्यावेत. पुढे मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, घाटकोपरला वाढलेला अग्निवीर मुरली नाईक पूंछमध्ये गेला. समान लाभांसाठी त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं.

आपला जिल्हा आठवण ठेवण्यात कमी नाही. पुलवाम्यात गेलेले मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड यांना १४ फेब्रुवारीला लोक हार घालतात. घालावेतच. पण बॅनरवर शहिदापेक्षा मोठा फोटो छापून घेणाऱ्यांपैकी एकानं तरी अक्षयच्या आईवडिलांच्या पेन्शनसाठी दिल्लीला पत्र लिहिल्याचं माझ्या कानावर नाही.

आजही पहाटे चिखली रोडला पोट्टे १६०० मीटर धावताना दिसतात. साडेपाच मिनिटांत बसवायचे असतात ना! ते सगळे अग्निवीरच होणार. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात राज्यमंत्री आहेत. समितीच्या त्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे त्यांनी जिल्ह्यात येऊन सांगावं. पिंपळगाव सराईला सांगितलं तर जास्त बरं.