दुपारी बाराची ट्यूबलाइट

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना नवं घर मिळालं. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं, म्हणजे आपल्या भाषेत एसआरएचं. सहा वर्षं संक्रमण शिबिरात काढल्यावर एकदाची चावी हातात आली. सत्यनारायणाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं. दुसरा मजला. दारात रांगोळी, आत चकचकीत फरशी, ओटा, घरातच संडास-बाथरूम. मावशींचा आनंद खरा होता, आणि तो मला मुळीच कमी लेखायचा नाही. पहाटे अंधारात सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला घरातल्या संडासाची किंमत मी काय सांगणार?

पण दुपारचे बारा वाजले होते. मे महिना, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत ट्यूबलाइट चालू. मला वाटलं, पूजेसाठी लावली असेल. मध्येच वीज गेली आणि गुरुजींना पोथीतलं अक्षर दिसेना. मी खिडकी उघडायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "ताई, ती नका उघडू. खालच्या बोळात सगळे कचरा टाकतात, वास येतो." तरी उघडली. समोर हात लांब केला तर जवळजवळ लागेल अशी दुसऱ्या इमारतीची खिडकी. तिथली बाई कपबशा विसळत होती. तिच्याकडेही अंधारच.

"उठल्यापासून झोपेपर्यंत दिवा लागतो," मावशी म्हणाल्या. "जुन्या घरी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायचे. इथं दिवा लावून निवडते."

घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. माणसाला राहायला किमान घर कसं असावं, हे आपल्याकडे कोण ठरवतं आणि कशावरून?

राजकारण्यांना विचाराल तर उत्तर चौरस फुटांत मिळेल. १९९१ च्या योजनेत झोपडीधारकाला १८० चौरस फूट. १९९५ मध्ये २२५. २००८ मध्ये २६९. २०१८ ला नवी विकास नियमावली आली तेव्हा ३००. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तर ५००. आकडा वाढत गेला, प्रत्येक वाढीचे फलक लागले, पेढे वाटले गेले. जागा वाढली हे चांगलंच झालं. पण त्या जागेत सूर्य येतो का, वारा खेळतो का, हे कुठल्या फलकावर वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

आता जरा मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मेली, शहर ओस पडलं. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे जे. पी. ऑर नावाचे गृहस्थ त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी घरातल्या उजेडाचा आणि हवेचा ध्यासच घेतला होता. ट्रस्टचा नियम साधा होता. खोलीच्या तळापासून ६३.५ अंशांच्या कोनात वर रेघ ओढली, तर ती समोरच्या भिंतीला न अडता आभाळाला भिडली पाहिजे. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर हिशेब सोपा आहे: समोर जितकी मोकळी जागा, तिच्या फार तर दुप्पट उंची. वीस मीटर उंच इमारत बांधायची? मग समोर दहा मीटर मोकळे सोडा.

हा नियम करणारे काही संत नव्हते. साहेबाला आपल्या बंदराची आणि व्यापाराची काळजी होती. शिवाय ट्रस्टनं सुरुवातीच्या वर्षांत जितक्या गरिबांना उठवलं, तितक्यांना घरं दिली नाहीत, हेही खरं. तरीपण घराचं माप उजेडानं घ्यायचं, ही अक्कल त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी होती.

आता गोवंडी-मानखुर्दकडे चला. तिथे नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहती आहेत. रस्ते आणि रेल्वे रुंद करताना शहरभरातून उठवलेली माणसं तिथे नेऊन ठेवली. सात-सात मजली इमारती आणि दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. ट्रस्टच्या नियमानं तीन मीटर मोकळ्या जागेसमोर ठोकळमानानं सहा मीटर उंची चालली असती, म्हणजे दोन मजले. आपण सात चढवले. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांचा इथला अभ्यास बाहेर आला. या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण जास्त, आणि जवळच्याच, इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या वसाहतीत बरंच कमी. खालच्या मजल्यांवर त्रास जास्त, कारण तिथे ऊनही पोचत नाही आणि वाराही. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात, उन्हात मरतात, हे तर डॉक्टरांना केव्हापासून ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, नियम नाहीत का? आहेत की! राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर हवी आणि छत पावणेतीन मीटर उंच. दमट-उष्ण हवेत खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी हवेत. पण कागदावर मोजली जाते ती खिडकी. खिडकीबाहेर काय आहे ते मोजायला गेलं की पुनर्वसनाच्या नियमांत सवलती निघतात. योजना 'परवडली' पाहिजे ना!

त्याहून मोठी गंमत गर्दीच्या नियमाची. जगात किमान मानकं करतात ती गर्दीला आळा घालायला. आपल्या पुनर्वसन नियमावलीत गर्दीचीच किमान मर्यादा आहे! हेक्टरी कमीत कमी ५०० घरं बसलीच पाहिजेत. नव्या नियमावलीत ती ६५० झाली. मूळ रहिवाशांना देऊन उरलेली घरं प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारकडे जातात, आणि जितकं पुनर्वसनाचं बांधकाम जास्त तितकं बिल्डरला विक्रीसाठी बांधकाम मिळतं. त्यामुळे दाटी वाढवण्यात दोघांचाही फायदा. तोटा फक्त दुसऱ्या मजल्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईचा, आणि ती त्या हिशेबात कुठेच नाही.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला: "फुकट मिळतंय, वर उजेड पण पाहिजे?" हा प्रश्न मी आमच्याच सोसायटीच्या बैठकीत ऐकलाय. अहो, फुकट काय आहे? ज्या जमिनीवर ही माणसं पिढ्यानपिढ्या राहिली, तिच्यावरच विक्रीचा टॉवर उभा राहतो आणि त्याच्या पैशातून ही घरं होतात. त्या टॉवरला पोडियम असतो, बाग असते, 'चारही बाजूंनी खेळती हवा' असं जाहिरातीत छापलेलं असतं. म्हणजे भूखंडावर मोकळी जागा नाही असं नाही. ती कोणाच्या खिडकीसमोर ठेवायची एवढंच ठरवलं जातं, आणि ते नकाशावर पेन्सिलीनं ठरवलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मानकं फार वर नेली तर घरं महाग होतात आणि गरीब पुन्हा झोपडीतच जातो. हे मला मान्य आहे. म्हणूनच म्हणते, किमान ठरवताना निवड करा. चकचकीत फरशी नको, लॉबीतला ग्रॅनाइट नको. फरशी मावशी दहा वर्षांनी पैसे साठवून बदलतील. पण समोरची इमारत सात मीटर मागे त्यांना कधीच सरकवता येणार नाही. जे रहिवाशाला नंतर सुधारता येत नाही, ते आधी किमानात यायला हवं. झोपडीतसुद्धा पत्र्याला भोक पाडून पारदर्शक तुकडा बसवता येत होता. इथे तीही सोय नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर, १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्यात घर राहण्यास अयोग्य आहे का हे ठरवताना काय बघायचं याची यादी आहे. त्यात दुरुस्ती, मजबुती, ओल, पाणी, सांडपाणी यांच्या जोडीला नैसर्गिक उजेड आणि हवा हेही आहे. डिसेंबर १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निवाऱ्याच्या हक्कात पुरेसा उजेड आणि शुद्ध हवा धरली. त्याच महिन्यात एसआरए अस्तित्वात आलं. ज्या कायद्याच्या कसोटीवर जुनी वस्ती झोपडपट्टी ठरली, त्याच कसोटीवर मावशींची नवी इमारत तपासली तर काय निघेल?

माझी मागणी फार नाही. चौरस फुटांच्या शेजारी उजेडाचा कोन नियमात लिहा आणि त्याला सवलत देऊ नका. गर्दीच्या किमान आकड्याऐवजी कमाल आकडा घाला. आणि भोगवटा प्रमाणपत्रावर सही करण्याआधी साहेबांनी दुपारी बारा वाजता खालच्या मजल्यावरच्या खोलीत दिवा बंद करून उभं राहावं. तिथे त्यांना स्वतःची सही वाचता आली, तर खुशाल करावी.

मावशी परवा सांगत होत्या, धाकट्या नातवाचा खोकला महिनाभर हटत नाहीये. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलंय. डॉक्टर औषध देतील. घराबद्दल ते काय लिहून देणार?